परदेशातली मिशनसेवा आणि घरची मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातली. पेशाने नर्स. दोन वर्षं युगांडातल्या एका ग्रामीण दवाखान्यात सेवा करून आले, आणि आता आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, मिशन समितीत बसते. बाहेरदेशी सेवेला जायचं मनात असलेली मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि कधीकधी पाळकसाहेबसुद्धा समितीला तेच ते प्रश्न विचारतात. कुणी बैठकीत विचारतं, कुणी लग्नघरी जेवणाच्या पंगतीत. सगळ्यांना एकदाच नीट उत्तर मिळावं म्हणून हे लिहिलं. मतं माझी आहेत. समितीतल्या वडिलांनी, म्हणजे चर्चच्या जाणत्या पुढाऱ्यांनी, वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या आहेत.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं काम तसंच पडलंय, मग परदेश कशाला?"

हे टोमणा म्हणून विचारलं जातं, पण प्रश्न खरा आहे. आमच्याकडे एकेका पाळकाकडे तीन-चार गावं असतात. दिवाळी झाली की अर्धी मंडळी ऊसतोडीला गुजरातेत, बारडोली-सुरतेच्या बाजूला निघून जाते. नाताळच्या उपासनेला पुढच्या सतरंजीवर म्हातारी माणसं आणि लेकरं, बाकी जागा मोकळी. अशा मंडळीतून शिकलेली एक मुलगी उचलून आफ्रिकेत पाठवायची म्हटल्यावर कुणाच्या तरी पोटात तुटणारच.

तरी मी म्हणते, पाठवावं. १८९० साली अमेरिकेत फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश सुवार्तिकाने स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन उभं केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची माणसं पश्चिम खानदेशात आली. आपल्या भागातल्या कितीतरी मंडळ्या त्या कामातून उभ्या राहिल्या. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालयही त्याच कामातून आलं, आज ते इम्मॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन चालवते. या लोकांना पाठवणाऱ्या मंडळ्या काही सावकारांच्या नव्हत्या. स्वीडन-नॉर्वे सोडून पोटासाठी अमेरिकेत गेलेल्यांच्या होत्या, नवा मुलूख, नवी भाषा. त्यांच्याही घरी काम पडलेलंच होतं. ते संपेपर्यंत थांबले असते तर आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत कोण आलं असतं?

आता टोमण्यातला खरा भाग. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३ नीट वाचा. अंत्युखियाच्या मंडळीत पाच शिक्षक होते: बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, मनाएन आणि शौल, म्हणजेच पौल. त्यातले दोन पाठवले, बर्णबा आणि शौल. चांगले, अनुभवी, हवेहवेसे दोन. पण मागे तिघं राहिले. आमची समिती प्रत्येक अर्जाच्या वेळी हाच हिशोब मांडते. ही व्यक्ती गेली तर मागे कोण उरतं? कुणीच उरत नसेल तर आम्ही "नाही" म्हणत नाही, "अजून नाही" म्हणतो, आणि मागे उरणारा माणूस तयार करायचं काम त्याच अर्जदाराकडे देतो. यावर दोघेजण आमच्यावर रागावलेही आहेत.

माझं पाचारण (देवाचं बोलावणं) खरं आहे की विमानाची हौस, हे कसं ओळखायचं?

हौस असणं पाप नाही. मलाही होती. एकोणिसाव्या वर्षी माझ्या वहीत आफ्रिकेचा नकाशा चिकटवलेला होता.

पण पारख करायची असेल तर एक हंगाम ऊसतोडीच्या पडावावर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, काढा. तिथे पोचायला पासपोर्ट लागत नाही, नवापूरहून गाडीत बसलं की झालं. (आमचं स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलं की परराज्य.) पडावावर उजाडायच्या आधी माणसं फडात जातात आणि अंधार पडल्यावर येतात. प्रार्थनेला वेळ मिळतो तो रात्री, भाकरी होईपर्यंत. तुम्ही बोलत असता आणि समोरचा माणूस बसल्या बसल्या झोपतो, कारण दिवसभर कोयता चालवलेला असतो. लेकराच्या नाकाला शेंबूड, पायाला पाचटाने कापलेलं. तिथे तुम्ही आधी पाणी गरम करून ती जखम धुता की खिशातलं पुस्तक काढता, यावरून मला त्या माणसाविषयी बरंच कळतं.

इथे ज्याला लोकांचा कंटाळा येतो त्याला विमानात बसून लोकांवर प्रेम करायला शिकता येणार नाही.

जाण्याआधी घरच्या मंडळीत किती वर्षं सेवा झालेली असावी?

पवित्र शास्त्रात आकडा नाही. आमची समिती दोन वर्षं धरते. शिफारस फक्त पाळकांची घेत नाही. उपासनेनंतर सतरंज्या गुंडाळणाऱ्यांना, महिला संघाच्या बायकांना आणि तुमच्याबरोबर तरुण संघात भांडलेल्या एखाद्या मुलालाही विचारतो.

माझ्याकडे संडे स्कूल आहे. ते कुणावर सोपवू, कसं सोपवू?

यात माझी स्वतःची चूक झाली. मी निघाले तेव्हा संडे स्कूलला तीस-पस्तीस मुलं यायची. मी एका ताईंना म्हणाले, "तुम्ही बघाल ना?" त्या "हो" म्हणाल्या. एवढंच सोपवणं. त्या बिचाऱ्यांना कुठला धडा झाला, कुठली मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि मधेच परत येतात, कुणाला वाचता येत नाही म्हणून पाठांतर तोंडी घ्यायचं, यातलं काही माहीत नव्हतं. परत आल्यावर कपाटात हजेरीची वही सापडली. माझ्या हस्ताक्षरात पानंच्या पानं, मग त्यांच्या हस्ताक्षरात पाच रविवार, मग कोरी पानं. मी ती वही हातात घेऊन तिथेच खाली बसले. मुलं चर्चच्या अंगणात खेळत होती, आणि त्यांतल्या लहानांना मी कोण हेही माहीत नव्हतं.

म्हणून सांगते: निघायच्या किमान सहा महिने आधी दुसरा माणूस शेजारी घ्या. पहिले दोन महिने तो बघेल, पुढचे दोन दोघं मिळून घ्याल, शेवटचे दोन तो शिकवेल आणि तुम्ही मागे बसाल. मागे बसणं फार जड जातं, पण तुमच्या जाण्याची खरी तयारी तिथेच होते. मुलांनाही सांगा की तुम्ही जाताय, कुठे जाताय, केव्हा येणार. मुलांना न सांगता गेलेल्या माणसाला मुलं विसरतात किंवा त्याच्यावर रुसतात.

आईवडील थकलेत. त्यांना सोडून जाणं बरोबर आहे का?

सगळ्यांत जड प्रश्न, आणि याला झटपट उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा. "देवासाठी सोडलं, आता देवच बघेल" असं म्हणणारे मी पाहिलेत. येशूने मार्क ७ मध्ये नेमका हाच प्रकार धरला आहे: आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणारे लोक. आणि पौल तीमथ्याला लिहितो की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. पौल स्वतः गावोगाव फिरणारा माणूस होता, तरी त्याने हे लिहिलं.

मी गेले तेव्हा आई ठणठणीत होती. आठव्या महिन्यात तिला रात्री छातीत दुखायला लागलं. भाऊ सुरतेला कामाला, घरी वहिनी आणि दोन लहान मुलं. वहिनीने महिला संघाच्या काकूंना फोन केला. त्या रात्री संघाच्या चार बायकांनी आईला गाडीत घातलं, एक दवाखान्यात थांबली, एक मुलांपाशी झोपली. मला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, ओपीडीच्या आधी. फोनवर काकू म्हणाल्या, "तू तिथल्या आयांकडे बघ, इथली आई आमची आहे." आई वाचली. त्यानंतर पाच महिने रोज कुणीतरी तिची गोळी द्यायला जायचं, आणि पाळी कुणाची हे संघाच्या वहीत लिहिलेलं असायचं.

हे माझ्या नशिबाने घडलं असं मी म्हणत नाही, कारण ते ठरलेलं होतं. निघण्याआधी संघाने माझ्या घरी येऊन आईची औषधं, डॉक्टरचा नंबर, आधार कार्ड, रेशन कार्ड कुठे आहे ते सगळं लिहून घेतलं होतं. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. तुमच्या मंडळीने असं काही ठरवलेलं नसेल तर तुम्हीच विषय काढा. भाऊ-बहीण असतील तर त्यांच्याशी पैशाचं आधी स्पष्ट बोला. सून "ती देवाच्या कामाला गेली, उष्टं-खरकटं माझ्या वाट्याला" असं मनात धरून बसली असेल तर ती गाठ जाण्याआधी सोडवा. आणि आईवडिलांना बघणारं खरंच दुसरं कुणीच नसेल तर थांबा. ते थांबणंही सेवेतच मोजलं जातं, असं मी मनापासून मानते.

पैसा कुठून येणार? आमचं अर्पण तर पाळकांच्या पगारालाच पुरत नाही.

पाळकांचा पगार आधी. यावर आमच्या समितीत वाद झाला होता, आता होत नाही. पाळकाचं घर उपाशी ठेवून परदेशी सेवक पाठवायचा म्हणजे घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि त्याही दुसऱ्याच्या घरचं खाऊन.

मिशनचा पैसा वेगळा उभा करावा लागतो, तोही नेहमीच्या अर्पणातून न कापता. मिझोराममध्ये बायका रोज स्वयंपाकाला बसताना तांदळातली एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांनी कितीतरी सेवक पाठवले आहेत. आमच्या बायकांनी ऐकलं आणि तुरीवर आणलं. नवापूरची तूरडाळ नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तूर निघाली की पहिल्या पिकाच्या अर्पणाबरोबर मिशनचा वेगळा डबा असतो. त्यातून काही विमानाचं तिकीट निघत नाही, पण महिन्याचा खर्च निघायला मोठा हातभार लागतो. आणि ज्या बाईने डब्यात तूर टाकली ती तुमच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करते.

बाकी वाटा तुम्ही स्वतः उचला. पौल तंबू शिवायचा. नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन, संगणकवाले यांना बाहेर पगारी काम मिळू शकतं. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला वेळोवेळी मदत पाठवली, तीही त्याने आनंदाने घेतली. दोन्ही मार्ग एकाच माणसाला चालले.

भारतीय पैशाने भारतीय सेवक ही कल्पनाही जुनीच आहे. १९०५ च्या नाताळच्या दिवशी बंगालमधल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती याच तत्त्वावर.

मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून सेवकाला परदेशात पैसे पाठवता येतात का?

सरळ पाठवू नका. आधी सीएला विचारा. रिझर्व्ह बँकेची एलआरएस नावाची सवलत आहे, तीत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण ती फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. शिवाय धर्मादाय ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च झाला की त्यावरची प्राप्तिकराची सूट साधारणपणे हातची जाते. आमच्यात सोपा मार्ग असा काढला की ट्रस्ट इथला खर्च बघतो, म्हणजे आईवडिलांचं औषधपाणी, विमा, प्रशिक्षण, आणि बाहेर पाठवायचं ते कुटुंबातली माणसं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पैशातून पाठवतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तिथल्या एखाद्या परदेशी मित्राने "तुमच्या चर्चच्या छपरासाठी" म्हणून तुमच्या खात्यात पैसे टाकतो म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. मंडळीसाठीचा परकीय पैसा घ्यायला परकीय अंशदान कायदा, २०१० प्रमाणे ट्रस्टची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येऊ शकतो. मात्र भारतीय पासपोर्ट असलेला आपलाच माणूस परदेशातल्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दशमांश पाठवत असेल तर तो परकीय अंशदानात धरत नाहीत. त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की मात्र धरतात.

व्हिसा, लस, कायदा?

व्हिसा ज्या कामाचा तेच काम करायचं. पर्यटक म्हणून जाऊन सेवा करायची आणि वर देवाच्या नावाने समर्थन करायचं, हे आम्हाला मान्य नाही.

युगांडासारख्या देशांत पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मला त्यासाठी मुंबई गाठावी लागली. आता एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पिवळं कार्ड, म्हणजे तेच प्रमाणपत्र, हरवू नका, परत येतानाही दाखवावं लागतं, नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

नेपाळला जाणाऱ्यांसाठी विशेष. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्रही चालतं, म्हणून पुष्कळांना ते घरच वाटतं. पण तिथल्या २०१७ च्या फौजदारी संहितेत धर्मांतर करवण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. तुम्ही घाईत केलेल्या गोष्टीची किंमत तुमच्या मागे तिथली स्थानिक मंडळी मोजते. तिथल्या वडिलांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

तिथून घरच्या मंडळीशी संबंध कसा टिकवायचा?

मी लांबलचक पत्रं लिहायचे आणि ती पाळकसाहेबांच्या मोबाइलमध्येच राहायची. मग एका काकूंनी सुचवलं, "आपल्या बोलीत बोलून पाठव ना." तेव्हापासून मी मावचीत तीन-चार मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागले. युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथली दहाची उपासना म्हणजे तिथले साडेसात. मी शनिवारी रात्रीच पाठवून ठेवायची, आणि रविवारी तो माइकला मोबाइल धरून ऐकवायचे. ज्या आज्यांना मराठी वाचता येत नाही त्या नंतर मला नावानिशी निरोप धाडायच्या: "ती तापाची पोर बरी झाली का?"

दोन पथ्यं पाळा. रुग्णांचे, उघड्या लेकरांचे फोटो टाकू नका. आपल्या पाड्यावरच्या लेकराचा तसा फोटो कुणी परदेशात फिरवला तर आपल्याला कसं वाटेल? दुसरं, दर वेळी आपलंच सांगू नका. इथे कुणाचं लग्न झालं, कुणाची विहीर आटली, पाळकसाहेबांचं पोरगं दहावीला कसं आहे, हेही विचारा. तुमचं नाव अजून याच मंडळीच्या यादीत आहे.

एक जाता जाता. सीमेवर वाढल्यामुळे आम्हाला गुजराती येतं, ते कंपालातल्या दुकानांत असं उपयोगी पडलं की काय सांगू. तिथे गुजराती कुटुंबं पुष्कळ आहेत. मावची, मराठी, गुजराती, हिंदी बोलणारं आपलं पोर नवी भाषा शिकायला घाबरत नाही. याची आपल्या मंडळ्यांनाच कल्पना नाही.

दहा-पंधरा दिवसांच्या मिशन दौऱ्याला जावं का?

क्वचित. डोळ्यांचं ऑपरेशन करणारे डॉक्टर किंवा काही नेमकं शिकवणारे जात असतील तर जरूर. नुसतं बघायला जायचं असेल तर तेवढ्या भाड्यात तोरणमाळच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर महिनाभर राहून या.

परत आल्यावर काय करायचं?

पौल आणि बर्णबा अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळीला एकत्र करून देवाने काय केलं ते सांगितलं, आणि मग तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. पहिला भाग सगळे करतात. दुसरा राहून जातो.

मला पहिले तीन महिने आमचं चर्च लहान वाटायचं. गाणी संथ, बैठका लांब, भांडणं क्षुल्लक. मी सारखी "तिकडे असं करतात" म्हणायची. शेवटी एका वडिलांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, तू तिकडे होतीस तेव्हा आम्ही इथेच होतो." मला फार लागलं ते. मग मी सहा महिने काहीच पद घेतलं नाही. मागे बसले, सतरंज्या गुंडाळल्या, प्रार्थनेला घरोघर गेले, कुणाचं काय बदललंय ते ऐकलं. संडे स्कूल परत सुरू करायला पुढची दिवाळी उजाडली.

मंडळीला सांगणं एवढंच की परतलेल्या माणसाला पहिल्याच रविवारी व्यासपीठावर उभं करू नका आणि दुसऱ्या रविवारी विसरूही नका. त्याची झोप, त्याची तब्येत, त्याच्या नोकरीचं काय, हे विचारा.

जमलं नाही आणि मुदतीआधीच परत आलो तर? लोकांना तोंड कसं दाखवू?

पौल-बर्णबांबरोबर निघालेला योहान मार्क पंफुलियाहून अर्ध्यात परतला. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा वेगळे झाले, एवढं ते गाजलं. आणि शेवटच्या पत्रात तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबाने त्याला जवळ धरलं होतं, बरोबर कुप्रला नेलं होतं. तुम्ही या. आमच्या समितीत बर्णबा व्हायला तयार असलेली दोन-तीन माणसं तरी आहेत. तिकिटाच्या पैशाचा हिशोब कुणी तुमच्यापुढे मांडणार नाही, तसं ठरावात लिहिलेलं आहे.

मला जायचंच नाही. मग माझा यात काय वाटा?

ज्याच्यातून भुतं निघाली तो माणूस येशूबरोबर नावेत चढायला निघाला होता. येशूने त्याला घरी परत पाठवलं आणि तिथेच सांगायला सांगितलं. सगळ्यांना नावेत जागा मिळत नाही.

आईच्या गोळ्यांची पाळी लिहिलेली ती वही अजून महिला संघाकडे आहे. त्यात आता दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांचं नाव आहे, ती जूनमध्ये जातेय. मंगळवार आणि शुक्रवार मी घेतलेत. रविवारची संध्याकाळ अजून रिकामी आहे, कुणाला जमत असेल तर उपासनेनंतर मला सांगा.